'मिळत नाही' हाच खरा माल : महागड्या घड्याळांच्या बाजाराची उलटतपासणी

बाजाराची साधी रीत सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानदार गिऱ्हाईकाला हाक मारतो, माल दाखवतो, घासाघीस होते आणि शेवटी दोन पैसे कमी करून माल गळ्यात मारला जातो. महागड्या स्विस घड्याळांच्या दुकानात याच्या उलट घडते. तिथे विक्रेता सांगतो, "सध्या नाही. नाव लिहून ठेवा." आणि खिशात दहा-पंधरा लाख घेऊन आलेला माणूस मान डोलावून परत जातो, पुन्हा येतो, विक्रेत्याची मर्जी सांभाळतो. काचेच्या कपाटात घड्याळ समोर दिसत असते, पण त्यापुढे 'फक्त प्रदर्शनासाठी' अशी पाटी असते.

आमचे म्हणणे असे आहे की या बाजारात घड्याळ हे निमित्त आहे. इथे विकले जाते ते 'दुसऱ्याला मिळत नाही' हे समाधान. हे समाधान कसे तयार केले जाते, लोकांच्या आवडी कशा घडवल्या जातात आणि त्याची किंमत शेवटी कोण मोजतो, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

कुणी विचारेल, ज्यांच्या घरात असले घड्याळ येण्याची शक्यता नाही त्यांनी ही चर्चा कशाला करावी? दोन कारणे आहेत. पहिले, हा बाजार आता भारताकडे डोळे लावून बसला आहे. स्वित्झर्लंडचा समावेश असलेल्या युरोपीय देशांच्या 'एफ्टा' गटाशी भारताने १० मार्च २०२४ रोजी व्यापार करार केला, तो १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. स्विस घड्याळांवरचे २० टक्के आयात शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर येणार आहे. दुसरे कारण आमच्या जास्त जवळचे आहे. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच चांगला पगार आला आहे अशा तरुणांना 'घड्याळ म्हणजे गुंतवणूक' असे सांगितले जात आहे, आणि मासिक हप्त्यांची सोयही करून दिली जात आहे. तेव्हा उलटतपासणी आवश्यक आहे.

मेलेली वस्तू जिवंत कशी झाली?

२५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने टोकियोत 'अ‍ॅस्ट्रॉन' हे क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ विक्रीला आणले. त्याची किंमत ४ लाख ५० हजार येन होती, म्हणजे तेव्हाच्या एका छोट्या मोटारीएवढी. पण क्वार्ट्झ लवकरच स्वस्त झाले. चावीचे किंवा स्वयंचलित यांत्रिक घड्याळ दिवसाला काही सेकंद मागेपुढे होते, क्वार्ट्झचे महिन्याला काही सेकंद. वेळ दाखवणे हेच घड्याळाचे काम असेल तर निकाल तिथेच लागला होता. १९७० च्या सुमारास स्विस घड्याळ उद्योगात सुमारे ९० हजार लोक काम करत होते. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही संख्या तीस हजारांच्या आसपास आली. ज्यांचे रोजगार गेले ते कामगार होते, हे इथे विसरता कामा नये.

यातून स्विस उद्योग दोन वाटांनी सावरला. एक वाट १९८३ साली आलेल्या 'स्वॉच'ची : प्लॅस्टिकचे, रंगीत, स्वस्त क्वार्ट्झ घड्याळ. दुसरी वाट अगदी उलटी होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ज्याँ-क्लोद बिव्हेर आणि जाक पिगे यांनी 'ब्लाँपां' हे बंद पडलेले नाव सुमारे २२ हजार फ्रँकांना विकत घेतले. त्यांच्या जाहिरातीचा आशय असा होता की १७३५ पासून ब्लाँपांने कधी क्वार्ट्झ घड्याळ बनवलेले नाही आणि पुढेही बनवणार नाही. जरा विचार करा. पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळच १९६९ साली आले. म्हणजे आधीची २३४ वर्षे जे अस्तित्वातच नव्हते ते न बनवल्याचे श्रेय घेतले गेले! तरीही जाहिरात चालली, आणि १९९२ मध्ये हेच नाव कोट्यवधी फ्रँकांना विकले गेले.

या प्रसंगाचा अर्थ मोठा आहे. जे तंत्र अचूकतेच्या परीक्षेत नापास झाले होते, त्याची परीक्षाच बदलण्यात आली. 'किती अचूक?' हा प्रश्न मागे पडला आणि 'किती जुने? किती हातांनी केलेले?' हा प्रश्न पुढे आणला गेला. एक दोष वारशाच्या नावाने विकायला काढला गेला.

आवड आपोआप बदलत नाही

'लोकांची आवड बदलली म्हणून बाजार बदलला' असे सर्रास सांगितले जाते. आम्हाला हे अर्धसत्य वाटते. १९७२ साली ओदमार पिगे या कंपनीने 'रॉयल ओक' हे स्टीलचे घड्याळ सोन्याच्या घड्याळांच्या भावात बाजारात आणले. त्याचा आराखडा जेराल्ड जेंटा यांचा होता. सुरुवातीला लोकांनी नाके मुरडली. मग पाटेक फिलिपने १९७६ मध्ये जेंटांच्याच आराखड्याचे 'नॉटिलस' आणले आणि जगातले एक अत्यंत महाग घड्याळ स्टीलचे आहे, अशा आशयाची जाहिरात केली. सोने महाग असते हे शेंबड्या पोरालाही कळते. स्टील महाग का, हे 'जाणकारालाच' कळते. अशा रीतीने धातूच्या भावापासून घड्याळाचा भाव सोडवून घेण्यात आला, आणि एकदा तो सुटल्यावर त्याला वर जायला छत उरले नाही.

आकाराचेही तेच. १९५० च्या दशकात पुरुषांचे घड्याळ ३४ ते ३६ मिलिमीटरचे असे. १९९३ मध्ये ४२ मिलिमीटरचे 'रॉयल ओक ऑफशोअर' आले आणि पुढची वीस वर्षे मनगटावर जणू वाटी बांधायची पद्धत पडली. आता पुन्हा ३६ ते ३९ मिलिमीटर म्हणजे 'अभिरुची' झाली आहे. मनगटाचे हाड तेवढेच राहिले, पण प्रत्येक फेरीत जुने घड्याळ 'जुनाट' ठरले आणि नवे खपले.

पॉल न्यूमन या अभिनेत्याचे रोलेक्स 'डेटोना' घड्याळ ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरला गेले. ज्या प्रकारच्या डायलमुळे ते गाजले, त्या डायलची घड्याळे नवीन असताना दुकानांत पडून राहत आणि काहीशे डॉलरला मिळत. डायल तेच होते. भोवती संग्राहक, दलाल, लिलावगृहे आणि पुस्तके यांनी दोन-तीन दशके गोष्ट रचली, तेव्हा ते अनमोल झाले.

'नाही' म्हणण्याचे तंत्र

आता आकडे पाहा. २०११ मध्ये स्वित्झर्लंडने सुमारे २ कोटी ९८ लाख घड्याळे निर्यात केली आणि निर्यातीची रक्कम १९.३ अब्ज फ्रँक होती. २०२३ मध्ये घड्याळे १ कोटी ६९ लाखांवर आली, रक्कम मात्र २६.७ अब्ज फ्रँक झाली. नग जवळपास निम्मे आणि उत्पन्न एक तृतीयांशाहून अधिक वाढलेले. सामान्य माणसाला परवडणारे घड्याळ मागे पडत गेले आणि थोड्यांना खूप महाग विकणे हा धंदा झाला. त्यासाठी काही युक्त्या लागतात.

पहिली युक्ती टंचाईची. रोलेक्स आपल्या उत्पादनाचा आकडा जाहीर करत नाही, पण बाजाराचे विश्लेषक वर्षाला दहा लाखांहून अधिक घड्याळांचा अंदाज देतात. टंचाई हे आपले धोरण नाही, दर्जा न घटवता उत्पादन वाढवता येत नाही, असे कंपनीचे म्हणणे आहे. ते आपण नोंदवून ठेवू. पण टंचाई मुद्दाम केलेली असो वा नसो, तिचा वापर कसा होतो हे डोळ्यांसमोर आहे. ज्या घड्याळाला मागणी आहे ते हवे असेल तर आधी 'खरेदीचा इतिहास' तयार करा, म्हणजे न खपणारी दोन घड्याळे किंवा दागिने घ्या, हा अलिखित नियम या बाजारात सर्वश्रुत आहे. आपल्याकडे रेशन दुकानदार साखरेबरोबर नको असलेला साबण गळ्यात मारी, तेव्हा लोक भांडत. तीच गोष्ट संगमरवरी दुकानात झाली की तिला 'ग्राहकाशी नाते जोडणे' म्हणतात.

दुसरी युक्ती विक्रीच्या वाटा अडवण्याची. डिसेंबर २०२३ मध्ये फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने रोलेक्सच्या फ्रेंच कंपनीला ९ कोटी १६ लाख युरोंचा दंड ठोठावला, कारण अधिकृत विक्रेत्यांना इंटरनेटवरून घड्याळे विकण्यास मनाई करण्यात आली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रोलेक्सने 'बुखेरर' ही घड्याळविक्रीची मोठी साखळीच विकत घेतली. जुन्या रोलेक्स घड्याळांवर प्रमाणपत्र देऊन ती अधिकृत दुकानांतून विकणे २०२२ च्या अखेरीस सुरू झालेच होते. नवा माल, जुना माल आणि दुकान या तिन्हींवर एकाच घराचा हात.

तिसरी युक्ती मोडतोडीची. कार्टियेसारखे ब्रँड ज्याच्या मालकीचे आहेत त्या रिशमाँ समूहाने २०१८ पर्यंतच्या दोन वर्षांत सुमारे ४८ कोटी युरोंची घड्याळे विक्रेत्यांकडून परत घेतली आणि त्यांतली बरीचशी मोडून काढली. कारण काय? ती सवलतीत विकली गेली असती तर नावाचा भाव उतरला असता. जो उद्योग 'कारागिराच्या शेकडो तासांची मेहनत' सांगून पैसे मागतो, तो भाव टिकवण्यासाठी तीच मेहनत भंगारात काढतो. श्रमाविषयीचा यांचा आदर किती खरा, हे यावरून ठरवावे.

चौथी युक्ती लिलावाची. पाटेकने 'नॉटिलस'चे ५७११ हे मॉडेल २०२१ मध्ये बंद करायचे ठरवले आणि जाता जाता टिफनी या जवाहिऱ्यांच्या निळ्या रंगाचे डायल लावून १७० नग काढले. दुकानातली किंमत सुमारे ५२ हजार डॉलर. त्यांतला एक नग डिसेंबर २०२१ मध्ये लिलावात ६५ लाख डॉलरला गेला, म्हणजे सुमारे सव्वाशे पट. ती रक्कम पर्यावरणाच्या कामासाठी दान झाली हे खरे, पण त्या आकड्याने बाकी सगळ्यांच्या अपेक्षा कुठे नेऊन ठेवल्या? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जिनिव्हात एक जुने ओमेगा 'स्पीडमास्टर' ३१ लाख फ्रँकांना गेले. घेणारे ओमेगाचेच संग्रहालय होते. २०२३ मध्ये कंपनीनेच सांगितले की ते घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून उभे केलेले होते आणि त्यात आपलेच माजी कर्मचारी सामील होते. ज्यांनी ते घड्याळ बनवले त्यांनाही ओळखता आले नाही, मग 'जाणकार' म्हणजे नेमके कोण?

पायऱ्यांची रचना

स्वॉच समूहाचे प्रमुख निकोलस हायेक घड्याळांच्या बाजाराला थरांचा केक म्हणत. वर थोडी अतिमहाग घड्याळे, मधे मध्यम, खाली स्वस्तांचा मोठा थर, आणि प्रत्येक थरात आपला माल हवा. रोलेक्सचे संस्थापक हान्स विल्सडॉर्फ यांनीही कमी किमतीचे 'ट्यूडर' काढून खालची पायरी स्वतःच बांधली होती. २६ मार्च २०२२ रोजी ओमेगाच्या महागड्या 'स्पीडमास्टर'चे रूप घेतलेले 'मूनस्वॉच' सुमारे २५० फ्रँकांना विक्रीला आले, तेही फक्त निवडक दुकानांत. कित्येक शहरांत अशी झुंबड उडाली की काही दुकाने बंद करावी लागली. त्या रांगेतल्या माणसाला घड्याळ हवे होते की वरच्या पायरीचा वास?

हे समजून घ्यायला आम्हाला बाबासाहेबांचा एक जुना निबंध उपयोगी वाटतो. मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातील जातींविषयी जो निबंध वाचला, त्यात फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतला आहे. अनुकरण वरून खाली वाहते आणि जो वरच्याच्या जितका जवळ, तितके त्याचे अनुकरण अधिक कडक, हा तिथला मुद्दा. एका गटाने स्वतःला कोंडून घेतले की बाहेर राहिलेलेही आपापली दारे लावू लागतात. जात आणि घड्याळ या एक गोष्टी नव्हेत. घड्याळ पैसे टाकून घेता येते, जातीतून पैसे टाकून बाहेर पडता येत नाही. पण बंद दारालाच प्रतिष्ठा कशी मिळते आणि दाराबाहेरचा माणूस त्या दाराची निंदा करण्याऐवजी त्याची नक्कल का करतो, हे यंत्र दोन्हीकडे ओळखता येते. खालच्याने नक्कल केली की वरचा पुढे सरकतो. स्टील सगळ्यांच्या हातात आले की बंद केलेले मॉडेल, तेही आले की खास रंगाचे डायल. खालच्या टोकाला आपल्या बाजारातली 'फर्स्ट कॉपी' उभी आहेच.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप : ही कारागिरीची किंमत आहे. कारागिरी खरी आहे, आम्ही ती नाकारत नाही. बारीक पुर्ज्याची कड हाताने घासून चमकवणारा माणूस आदरास पात्र आहे. पण ५२ हजार आणि ६५ लाख या दोन डॉलर-आकड्यांमध्ये कारागिरीचा फरक किती होता? फरक डायलच्या रंगाचा होता. शिवाय २०१७ पासूनच्या नियमानुसार 'स्विस मेड' शिक्क्यासाठी उत्पादन खर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला असावा लागतो. उरलेला ४० टक्के बाहेरचा असला तरी त्या कामगारांचे नाव डायलवर येत नाही.

दुसरा आक्षेप : ही गुंतवणूक आहे. महामारीच्या काळात भाव चढले, तेव्हा हे सांगणारे पुष्कळ होते. २०२२ च्या पूर्वार्धात भावांनी शिखर गाठले आणि मग ते घसरले. मूळ किमतीपेक्षा चढ्या भावाने विकली जाणारी मॉडेले मोजकीच आहेत आणि ती सामान्य गिऱ्हाईकाला दुकानात मिळतच नाहीत. बाकीची बहुतेक घड्याळे दुकानाबाहेर पडताच किंमत गमावतात. हप्त्यावर घेतले तर व्याज वेगळे. ज्या तरुणाच्या पगारावर गावाकडचे घर, बहिणीचे शिक्षण आणि आईवडिलांचे औषधपाणी चालते, त्याला याला गुंतवणूक म्हणायला शिकवणे ही फसवणूक आहे.

पाटेकची १९९६ पासूनची प्रसिद्ध जाहिरात अशी : हे घड्याळ तुमच्या मालकीचे नसतेच, तुम्ही ते फक्त पुढच्या पिढीसाठी सांभाळता. सोबत देखणा बाप आणि त्याचा मुलगा. वारसा ज्यांच्याकडे आधीपासून आहे त्यांना ही जाहिरात सुखावते. ज्यांच्याकडे नाही त्यांना ती सांगते की वारसा विकत घेता येतो. आमच्या पिढीला मागून काय आले? कुणाला शिष्यवृत्तीचे कागद, कुणाला आजोबांनी जपलेली पुस्तके, कुणाला संघटनेची शिस्त. तो वारसा कुठल्याही लिलावात येत नाही म्हणून तो कमी ठरत नाही.

तिसरा आक्षेप आमच्याच माणसांकडून येतो : आता कुठे चार पैसे हातात आले, आम्ही मिरवायचे नाही का? हा प्रश्न रास्त आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना अस्पृश्यतेच्या खुणा सांगणारी वस्त्रे-दागिने टाकून नीटनेटके राहायला सांगितले, हे आम्ही विसरलेलो नाही. वस्तीतल्या पोराच्या हातात चांगले घड्याळ दिसले की 'कुठून आणले?' विचारणारे आणि उद्योगपतीच्या मुलाच्या मनगटावर कोट्यवधींचे घड्याळ दिसले की बातम्या रंगवणारे एकच आहेत, त्यांना आम्ही ओळखतो. म्हणून घड्याळ घालू नका असे आम्ही म्हणणारच नाही. पण महाडच्या उपदेशात स्वतःची खूण स्वतः ठरवण्याचा अधिकार होता. विक्रेत्याने 'तुम्ही पात्र आहात का ते पाहू' म्हणावे आणि आपण पात्रता सिद्ध करायला पैसे भरावेत, यात तो अधिकार पुन्हा दुसऱ्याच्या हाती जातो.

चावीचे घड्याळ, दोन नशिबे

आपल्याच देशातला पुरावा देऊन थांबतो. १९६१ साली एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळे बनवायला सुरुवात केली. दहावी पास झालेल्या मुलाला, लग्नातल्या नवरदेवाला, निवृत्त होणाऱ्या मास्तरांना एचएमटी दिले जाई. त्यांच्या चावीच्या घड्याळाचे नावच 'जनता' होते. १९८० च्या दशकात टायटनची क्वार्ट्झ घड्याळे आली, एचएमटी मागे पडली आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला.

तंत्र तेच होते : चावी, स्प्रिंग, दंतचक्रे. शत्रूही तोच : क्वार्ट्झ. स्वित्झर्लंडचे चावीचे घड्याळ 'वारसा' झाले आणि 'जनता' मोडीत निघाले. कारणे अनेक सांगता येतील, व्यवस्थापनाची ढिलाई त्यात आहेच. पण ज्याचे नाव जनता, जे कारकुनाच्या आणि शिक्षकाच्या हातात दिसते, त्याला 'दुर्मीळ' कसे म्हणणार? सगळ्यांना मिळते हाच त्याचा गुण होता आणि प्रतिष्ठेच्या बाजारात तोच दोष ठरला. कारखाना बंद पडल्यावर मात्र संग्राहक 'जनता' शोधत फिरू लागले. मिळेनासे झाले तेव्हाच ते मोलाचे वाटू लागले!

सरकारने २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या घड्याळांच्या खरेदीवर १ टक्का कर विक्रीच्या वेळीच गोळा करायला सुरुवात केली आहे. तो पुढे आयकरात वळता होतो, म्हणजे तो हिशेब ठेवण्याचा उपाय आहे. दुसऱ्या हाताने आयात शुल्क शून्याकडे नेले जात आहे. श्रीमंतांची हौस स्वस्त होत असताना सार्वजनिक उद्योगातले घड्याळ का मेले, याची चर्चाही होत नाही. ती व्हायला हवी.

आणि तरुण मित्रांना एवढेच सांगणे आहे. घड्याळ आवडले, परवडले, तर खुशाल घ्या, मनगटावर ताठ मानेने घाला. पण विक्रेता जेव्हा हळू आवाजात म्हणेल, 'हे सगळ्यांना मिळत नाही', तेव्हा त्याला विचारा की मग त्या सगळ्यांच्या न मिळण्याचे पैसे माझ्याकडून किती घेताय?